हिरव्या टिकल्यांचं गणित

"काय गं, रंकाळ्यातलं केंदाळ आपल्या घरात कुठनं आलं?"

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला आजोबांचा हा फोन आला, तेव्हा मी होस्टेलवर जर्नल उतरवून काढण्याच्या पवित्र कार्यात मग्न होते. कोल्हापूर-इचलकरंजीकडचे वाचक सोडून बाकीच्यांसाठी सांगते, केंदाळ म्हणजे पुण्याकडे जिला जलपर्णी म्हणतात ती. ती आमच्या दिवाणखान्यात कशी येईल? मी हसले. आजोबा म्हणाले, "हसू नको. अर्धी पेटी झाकली बघ."

पेटी म्हणजे फिश टँक. आजी गेल्यानंतर आजोबा दुपारभर घरात एकटे असतात, म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत मीच तो हौसेने आणून लावला होता. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. त्यात गप्पी आणि मोली मिळून चौदा मासे आणि दुकानातून आणलेली वॅलिस्नेरियाची एक जुडी. त्या जुडीच्या मुळांना चिकटून नखाएवढ्याही नसलेल्या आठ-दहा हिरव्या टिकल्या आल्या होत्या. पाण्यावर तरंगताना छान दिसल्या, म्हणून मी त्या राहू दिल्या. पहिली चूक तिथे झाली.

दुसरी चूक फोनवर झाली. मी आजोबांना म्हणाले, "अर्धीच झाकलीय ना? मग अजून अर्धी मोकळी आहे की! मी महिन्याने येणार आहे, तेव्हा काढू."

तीन दिवसांत उरलेली अर्धी झाकली. चौथ्या रात्री धो धो पाऊस झाला, लाईट गेली ती पहाटेपर्यंत आली नाही, आणि सकाळी पाच मासे मेलेले होते. आजोबा फोनवर एवढंच म्हणाले, "माझंच काहीतरी चुकलं असणार." त्यांचं काही चुकलं नव्हतं. गंमत म्हणजे घातांकी वाढीचं गणित मी फर्स्ट इयरला पैकीच्या पैकी मार्क मिळवून सोडवलं होतं. ते गणित, आणि त्यातून शोधलेले उपाय, इथे लिहिते आहे. घरी टँक असणाऱ्यांना उपयोग होईल, नसणाऱ्यांना निदान कंट्रोल सिस्टीमच्या व्हायवाला एक उदाहरण मिळेल!

ही टिकली आहे तरी कोण?

हिचं इंग्रजी नाव डकवीड. बदकं आवडीने खातात म्हणून हे नाव पडलं. शास्त्रीय नाव लेम्ना. बघायला शेवाळासारखी वाटली तरी हे शेवाळ नव्हे, चक्क फुलं येणारी वनस्पती आहे. फुलं फार क्वचित येतात आणि आली तरी डोळ्यांना जवळपास दिसत नाहीत. हिच्याच कुळातली वुल्फिया ही जगातली सर्वांत लहान सपुष्प वनस्पती मानली जाते. थायलंडमध्ये ती लोक खातातसुद्धा. (मेसच्या भाजीबद्दल तक्रार करणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

डकवीडला बीजाची वाट पाहावी लागत नाही. एका टिकलीच्या कडेला दुसरी फुटते, ती सुटी होते, मग दोघींना एकेक फुटते. म्हणजे एक टिकली जरी राहिली तरी पुरे.

शिवाय पाण्याखालच्या झाडांपेक्षा तिला दोन मोठ्या सवलती आहेत. पहिली, ती सगळ्यांत वर असते, त्यामुळे उजेड आधी तिला मिळतो आणि उरलासुरला खालच्यांना. दुसरी, कार्बन डायऑक्साईड ती थेट हवेतून घेते. पाण्यात वायू हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट हळू पसरतात, त्यामुळे पाण्याखालच्या झाडांना कार्बन डायऑक्साईडची चणचण असते, हिला नसते. तेव्हा टँकमध्ये हिला अडवू शकतील अशा मुख्य गोष्टी तीनच उरतात : उजेड, खत आणि जागा. खत कुठून येतं ते पुढे सांगते.

मासे का गेले?

मला आधी वाटलं, झाडं तर ऑक्सिजन देतात, मग मासे गुदमरले कसे? तर टिकल्यांनी तयार केलेला ऑक्सिजन बहुतेक वरच्या हवेत जातो, पाण्यात नाही. पाण्यात ऑक्सिजन येतो तो मुख्यतः पृष्ठभागातून. पृष्ठभागावर जाड थर बसला की ती वाट अडते. खालच्या झाडांना उजेड नाही म्हणून तीही ऑक्सिजन देत नाहीत, उलट कुजायला लागतात, आणि कुजताना बॅक्टेरिया उरलेला ऑक्सिजन वापरतात. रात्री तर सगळी झाडं माशांसारखीच श्वसन करतात. एवढं असूनही एअर पंप चालू होता तोवर निभावलं. लाईट गेली, पंप थांबला, आणि पहाटेपर्यंत ऑक्सिजन संपत आला. जे वाचले ते कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेत तोंड वर काढून उभे होते, असं आजोबांनी सांगितलं.

टिकल्यांचं गणित

आमच्या टँकचा पृष्ठभाग ६० गुणिले ३०, म्हणजे १८०० चौरस सेंटिमीटर. एक टिकली साधारण ३ मिलिमीटरची. सगळा पृष्ठभाग झाकायला अंदाजे २५,००० टिकल्या लागतात. सुरुवात १० पासून, आणि दर ३ दिवसांनी दुप्पट असं धरू. (परिस्थिती फारच अनुकूल असली तर त्याहून लवकरही होतात.)

पंधराव्या दिवशी ३२० टिकल्या. पृष्ठभागाचा सव्वा टक्का.
एकविसाव्या दिवशी १,२८०. पाच टक्के. अजूनही "छान दिसतंय"!
एकतिसाव्या दिवशी साधारण १२,५००. अर्धा टँक.
चौतिसाव्या दिवशी पूर्ण टँक.

म्हणजे पहिली तीन आठवड्यांची मेहनत डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, आणि शेवटचा अर्धा भाग तीन दिवसांत भरतो. "अजून अर्धी मोकळी आहे की" हे माझं वाक्य किती मूर्खपणाचं होतं ते आता कळलं असेल.

आता हेच गणित उलटं करा. टिकल्या काढल्या तर किती दिवसांची सुटका?

अर्ध्या काढल्या : ३ दिवस.
९० टक्के काढल्या : १० दिवस.
९९ टक्के काढल्या : २० दिवस.

प्रत्यक्षात तर अर्ध्या काढणं आणखी फसवं असतं. टँक खच्चून भरला की गर्दीमुळे त्यांची वाढ मंदावलेली असते. आपण जागा करून दिली की त्या पुन्हा जोमाने वाढू लागतात. बाबांनी रविवारी ताटलीभर टिकल्या काढून "झालं काम" म्हणावं आणि बुधवारी पुन्हा जैसे थे, हा प्रकार आमच्याकडे तीनदा झाला.

तिसरा हिशोब मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. दर ३ दिवसांनी दुप्पट म्हणजे आठवड्यात पाचपट. तेव्हा नुसतं होतं तिथे राहायचं असेल तरी दर आठवड्याला ८० टक्के काढाव्या लागतात. पण दुप्पट व्हायला ३ ऐवजी ७ दिवस लागले, तर आठवड्याला निम्म्या काढून भागतं. म्हणजे हात चालवण्याइतकंच वाढीचा वेग कमी करणं गरजेचं आहे. नाहीतर जन्मभर गाळणी घेऊन बसा!

खिडकीतला प्रयोग

वेग कशाने कमी होतो हे बघायला मी घरून येताना टँकचं पाणी आणि थोड्या टिकल्या बाटलीत भरून आणल्या. होस्टेलच्या खिडकीत काचेचे दोन ग्लास ठेवले. एकात टँकचं पाणी, दुसऱ्यात आमच्या वॉटर कूलरचं आर.ओ.चं पाणी. दोन्हीत दहा-दहा टिकल्या. ऊन तेच, खिडकी तीच.

नवव्या दिवशी टँकच्या पाण्यात ७४ टिकल्या मोजल्या, म्हणजे दुप्पट व्हायला तीन दिवसांहून किंचित जास्त. कूलरच्या पाण्यात फक्त १९, फिकट पिवळट, आणि मुळं मात्र लांबच लांब. खत कमी पडलं की मुळं लांबवून शोध घेणं ही डकवीडची सवय आहे. (माझी रूम पार्टनर दहाव्या दिवशी झोपेत त्यातलं पाणी प्यायली. ठणठणीत आहे. कुठल्या ग्लासातलं ते तिने सांगितलेलं नाही.)

दोन ग्लासांत फरक होता तो खताचा. टँकमध्ये खत येतं माशांच्या खाण्यातून. खाण्यातलं प्रोटीन माशांच्या पोटातून किंवा न खाता कुजून अमोनिया होतं. बॅक्टेरिया त्याचं नायट्राईट आणि मग नायट्रेट करतात. अमोनिया काय, नायट्रेट काय, टिकल्यांना दोन्ही चालतं. वर जे हिरवं उगवतं ते आत पडलेल्या खाण्याचंच रूप असतं.

मग मी फोन करून विचारलं, "आजोबा, माशांना दिवसातून किती वेळा घालता?"

"किती वेळा म्हणजे? मी समोर गेलो की येतात बिचारे काचेपाशी. उपाशी कसं ठेवायचं?"

आईने हळूच सांगितलं, सात-आठ वेळा तरी होत असेल.

उपाय, जे आम्ही केले

१. मोठी सफाई. फिल्टर बंद करून टिकल्या पट्टीने एका कोपऱ्यात ढकलल्या आणि चहाच्या जुन्या गाळणीने काढल्या. काचेच्या कडा, फिल्टरचा पाईप, झाडांची टोकं आणि गाळणीचा दांडा इथे टिकल्या लपून बसतात, त्या ओल्या कापडाने पुसून घेतल्या. ९९ टक्क्यांचं टार्गेट ठेवा. मात्र हे दोन-तीन दिवसांत टप्प्याटप्प्याने करा. टिकल्या अमोनिया शोषत असतात. त्या एकदम गेल्या तर तो पाण्यात साठू शकतो, आणि उजेड आणि खत फुकट मिळाल्यावर शेवाळ माजतं.

२. पाणी हलतं ठेवणं. फिल्टरचं तोंड वर वळवून पाण्याच्या पातळीला आणलं. डकवीडला संथ पाणी लागतं. लाटांनी ती भिजते, बुडते, हेलकावे खाते, आणि वाढ मंदावते. शिवाय हलत्या पृष्ठभागातून ऑक्सिजनही जास्त जातो.

३. उजेड. ट्यूब सकाळी सहा ते रात्री दहा चालू असायची. टायमर लावून आठ तासांवर आणली, दुपारी एक ते रात्री नऊ. म्हणजे आजोबांना संध्याकाळी मासे बघता येतात. खिडकीला पडदा लावला.

४. पाणी बदलणं. दर आठवड्याला चौथा भाग, म्हणजे सुमारे १३ लिटर, एक बादली. नळाचं पाणी आदल्या दिवशी भरून उघडं ठेवायचं म्हणजे क्लोरीन उडून जातो. काढलेलं पाणी कुंड्यांना. तुळस अशी तरारली आहे की शेजारच्या काकू खत कुठलं म्हणून विचारतात.

५. खाणं. हा सगळ्यांत अवघड उपाय, कारण इथे प्रश्न केमिस्ट्रीचा नव्हता. आजोबांना "घालू नका" म्हणायचं म्हणजे त्यांच्या दिवसातला तेवढाच एक कार्यक्रम काढून घ्यायचा. शेवटी त्यांच्याच टेबलावर उत्तर सापडलं. त्यांच्या बीपीच्या गोळ्यांसाठी सात कप्प्यांची, वारांची डबी असते ना, तशीच दुसरी आणली. प्रत्येक कप्प्यात दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं. दिवसभरात तेवढंच, मग ते एकदा घाला की चिमटी-चिमटीने पाचदा घाला. गुरुवारचा कप्पा रिकामा. आजोबांचा दत्ताचा उपवास असतो, माशांचाही तोच ठेवला. तंदुरुस्त मोठ्या माशांना एक दिवस खाणं नसलं तर काही होत नाही. आजोबांना ही कल्पना एवढी पटली की डबी आता ते स्वतः भरतात.

६. रिंगण. एअर पंपाची ७५ सेंटिमीटर नळी घेऊन दोन्ही टोकं जोडली की २४ सेंटिमीटर व्यासाची तरंगती रिंग होते. ती सक्शन कपने एका बाजूला अडकवली. टिकल्या राहिल्याच तर रिंगच्या आत, बाहेरचं पाणी मोकळं. गणित केलंत तर दिसेल की रिंगचं क्षेत्रफळ बरोबर पाव टँकएवढं आहे. चार-दोन टिकल्या उडी मारून बाहेर जातातच, त्या गाळणीने उचलायच्या.

हे मात्र करू नका

तणनाशक किंवा मोरचूद टाकू नका. तांबं माशांना घातक असतं, गोगलगाई आणि कोळंबीला तर फारच. आणि औषधाने मेलेल्या टिकल्या पाण्यातच कुजून पुन्हा ऑक्सिजन खातात.

गोल्डफिश डकवीड मिटक्या मारत खातो हे खरं, पण म्हणून ५४ लिटरच्या टँकमध्ये तो आणून सोडू नका. तो मोठा होतो आणि घाणही भरपूर करतो. म्हणजे एका हाताने टिकल्या काढायच्या आणि दुसऱ्या हाताने खत घालायचं.

टँकवर चादर टाकून चार दिवस अंधार केला की काम होतं, असंही काही जण सांगतात. डकवीड त्यातून सहज वाचते. तिची बहीण स्पायरोडेला तर दिवस वाईट आले की कळ्या करून तळाशी जाऊन बसते आणि दिवस बरे आले की वर येते. (एटीकेटीवाल्यांचं हेच धोरण असतं.)

नवीन झाडं आणलीत तर आधी धुऊन आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवा. मी हे केलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

आणि काढलेल्या टिकल्या विहिरीत, ओढ्यात, तळ्यात टाकू नका. कुंडीत घाला, कोंबड्यांना घाला. केंदाळसुद्धा मूळचं आपलं नाही. ते दक्षिण अमेरिकेतलं, जांभळ्या फुलांसाठी माणसांनी हौसेने देशोदेशी नेलेलं. बंगालमध्ये त्याने भातशेती आणि जलमार्ग असे अडवले की १९३६ साली त्याच्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. आज पंचगंगेत ते दिसतं, पुण्याच्या मुळा-मुठेत दिसतं. यंत्राने काढतात, पुन्हा येतं. सांडपाणी येत राहील तोवर ते येणारच. आमच्या टँकचं गणित तिथेही तेच आहे, फक्त डबीचे कप्पे मोठे लागतील.

कंट्रोल म्हणजे काय?

मला सुरुवातीला वाटायचं, कंट्रोल म्हणजे टिकली नावालाही उरता कामा नये. पण आपण शिकतो त्या कंट्रोल सिस्टीममध्ये कंट्रोलचा अर्थ शून्य असा कुठेच नसतो. एक सेट पॉइंट असतो, आणि सिस्टीम त्याच्या आसपास ठेवायची असते. आमचा सेट पॉइंट पाव टँक. तेवढ्या टिकल्या उलट उपयोगी आहेत. त्या नायट्रेट शोषतात, आणि गप्पीची पिल्लं मोठ्यांच्या तोंडून वाचायला त्यांच्या मुळांत लपतात.

सेन्सर म्हणजे घरातली एक वाटी. दर गुरुवारी पूजा झाल्यावर आजोबा रिंगमधल्या निम्म्या टिकल्या गाळणीने काढून वाटीत घालतात आणि वाटी किती भरली ते कॅलेंडरवर लिहितात. सुरुवातीला वाटी ओसंडायची. दोन महिन्यांनी पाऊण वाटीवर आली, आता अर्ध्या वाटीच्या आसपास स्थिर आहे. दिवाळीच्या आठवड्यात एकदम दोन वाट्या निघाल्या. चौकशी केल्यावर कळलं की माझ्या मामेभावांनी माशांनाही दिवाळी साजरी करू दिली होती. आपल्या भाषेत, डिस्टर्बन्स!

परवा आजोबांचा फोन आला. म्हणाले, "या आठवड्यात अर्धी वाटी. आणि पिल्लं झाल्यात, अकरा मोजली, आणखी असतील." मग थोडं थांबून म्हणाले, "लाईट गेली होती काल रात्रभर. सगळे बरे आहेत."

मी सबमिशनच्या गडबडीत होते. तरी यावेळी म्हणाले, "आजोबा, रिंगच्या बाहेर किती टिकल्या आहेत? आत्ता मोजून सांगा."

— तृतीय वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन